शिट्टीबाईंनी घर दुरुस्तीला काढलं

शिट्टीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत एकतीस वर्षं त्या कंट्रोलर होत्या. गाडी सुटायची वेळ झाली आणि ड्रायव्हर चहावाल्याकडे रेंगाळत असला, की खिडकीतून अशी शिट्टी मारायच्या की त्याच्या हातातला चहा हिंदकळायचा. एक जण तर घाबरून कप हातात घेऊनच गाडीवर चढला आणि पुढच्या मुक्कामावरून तो कप कंडक्टरबरोबर परत आला. तेव्हापासून हे नाव पडलं ते पडलंच. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण पायाची भिंगरी थांबली नव्हती. घरी पाहुणे आले तरी या आपल्या उभ्याच, एक कान बोलण्याकडे आणि एक गॅसवरच्या दुधाकडे.

नवरा अगदी उलट. सगळी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. एका वेलांटीसाठी अर्धा तास घालवणारा माणूस. गल्ली त्यांना काका म्हणायची. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर नेली, आधी कडा, मग मधलं, मग सगळंच. ज्या डोळ्यांवर पोट भरलं तेच गेले. काकांनी आरडाओरडा केला नाही. महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि मग एका सकाळी उठून घर हातांनी पाठ करायला लागले. पलंगापासून सहा पावलं, मग दाराची चौकट. चौकटीला कमरेइतक्या उंचीवर एक टवका गेलेला. तिथून डावीकडे फ्रीजची ऊब. मग स्वयंपाकघरात जायचं रुंद, बिनदाराचं तोंड, आणि त्याच्या पलीकडे न्हाणीघर.

बाई त्यांच्या मागे सावलीसारख्या. पाणी हातात द्यायच्या, चपला पायात सरकवायच्या. "अहो, जपून." "अहो, उजवीकडे." "अहो, मी आहे ना." दिवसातून शंभर वेळा. काका हूं म्हणायचे.

अशात भिंतीला ओल आली. वरच्या मजल्यावर एकच खोली होती आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी. टाकीचा पाइप कुठेतरी आतल्या आत गळत असणार. त्या रुंद तोंडावरची भिंत फुगली, गिलाव्याचे पोपडे आमटीत पडायला लागले आणि न्हाणीघराजवळची फरशी पायाखाली दबल्यासारखी वाटू लागली. लेकीने फोनवर सांगितलं, "आई, विकून टाका ते घर आणि फ्लॅट घ्या." बाईंनी फोन कानापासून लांब धरला. विकायचं कसं? नव्या जागेत हा माणूस पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात करणार का?

मिस्त्री शोधायच्या मागे त्या हात धुवून लागल्या. पहिला आला तो घराकडे न बघताच म्हणाला, "पाडून नवीन बांधा." दुसरा म्हणाला, "रंग मारून देतो, कुणाला काही दिसणार नाही." तिसरा एका जुन्या स्कूटरवरून आला. पंचेचाळिशीचा, काटकुळा, अंगापेक्षा मोठा शर्ट घातलेला. एकटाच काम करतो म्हणाला, हाताखाली कुणी नाही. बराच वेळ बोटांच्या पेरांनी भिंत ठोकून पाहिली.

"काय झालंय?" बाई.

"वरून सांगता येत नाही. उघडल्यावर कळेल."

"किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे धरा."

"धरा म्हणजे? मला तारीख सांगा."

"बाई, भिंत आहे ही. बस नाही."

हे उत्तर बाईंना झोंबलं, पण माणूस खोटं बोलत नाही एवढं कळलं. काम त्यालाच दिलं. त्याच रात्री त्यांनी चौकडीच्या कागदावर वेळापत्रक आखलं: सोमवारी फोडणे, गुरुवारी पाइप, पुढच्या सोमवारी गिलावा. कागद फ्रीजवर चिकटवला. मिस्त्रीने तो वाचला, मान डोलावली आणि डबा ठेवायला जागा कुठे आहे ते विचारलं.

एक गोष्ट मात्र बाईंनी केली नाही. काय काय तुटणार ते काकांना सांगितलं नाही. "किरकोळ काम आहे," एवढंच म्हणाल्या. सांगितलं तर ते नको म्हणतील अशी भीती होती. शिवाय गेल्या दोन वर्षांत काकांना विचारायची सवयच मोडली होती.

पहिल्याच दिवशी मिस्त्रीने मधल्या खोलीची चौकट ठोकून पाहिली तर ती ओलीने आतून कुजलेली. काढावीच लागणार होती. त्याने बाईंना विचारलं, बाईंनी काढा म्हटलं आणि त्या सिमेंटवाल्याला फोन लावायला पुढच्या खोलीत गेल्या.

काका दुपारच्या झोपेतून उठले. सहा पावलं चालले, सवयीने हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. तोल गेला तो थेट विटांच्या ढिगाऱ्यावर.

बाई धावत आल्या तेव्हा ते ढिगाऱ्यात बसले होते. कपाळाला खोक पडली होती, मनगट सुजत होतं. बाईंनी तोंडाचा पट्टा सोडला तो मिस्त्रीवर. लक्ष कुठे असतं, घरात आंधळा माणूस आहे हे दिसत नाही का, सगळं सगळं. मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला.

"मिस्त्री," काका म्हणाले, "चौकट कधी काढली?"

"आत्ता, तुम्ही झोपलात तेव्हा, काका."

"हिला माहीत होतं?"

मिस्त्रीने बाईंकडे पाहिलं. बाई पदराने काकांचं कपाळ पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

"माझं सगळं घर मोडायला काढलंस," काका हळूच म्हणाले, "आणि मला किरकोळ म्हणालीस."

त्या संध्याकाळी बाईंनी एक नायलॉनची दोरी आणली आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत कमरेच्या उंचीवर बांधली. काकांनी ती चाचपली, नुसतं "मला काय दावणीला बांधतेस?" म्हणाले आणि कूस बदलून पडले. दोरीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. भांडी पलंगाखाली, शेगडी पुढच्या खोलीत, तांदळाच्या डब्यावर धुळीचा थर. बाई एकच कपाट तीनदा पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि सामान न काढता काकांच्या पलंगापाशी गेला.

"काका, एक काम होतं. वर्षानुवर्षं हातोड्याच्या आवाजात राहून माझे कान गेलेत. कुठला गिलावा सुटलाय ते नीट कळत नाही. तुम्ही ठोकून सांगाल का?"

"अहो, त्यांचं मनगट सुजलंय!" बाई.

"डावा हात आहे ना," काका म्हणाले आणि उठून बसले.

मिस्त्रीने त्यांच्या हातात लाकडी मूठ असलेली छोटी हातोडी दिली आणि त्यांचा पंजा भिंतीवर टेकवला. काकांनी ठोकलं. एक खणखणीत आवाज आला. वीतभर पुढे पुन्हा तसाच. आणखी वीतभर पुढे एकदम बद्द, तडा गेलेल्या मडक्यासारखा. "इथे," काका म्हणाले. मिस्त्रीने खडूने खूण केली. दोन तासांत भिंतीवर पांढऱ्या रेषांचा नकाशा उमटला. मिस्त्रीने एका खुणेवर छिन्नी मारली, तर गिलाव्याची थाळीएवढी खपली अलगद हातात आली. "बरोबर," तो म्हणाला. काकांनी मान हलवली, जणू कुणीतरी त्यांना मुद्रिताचा पुढचा कागद दिला होता. मग म्हणाले, "न्हाणीघराजवळची फरशीही पोकळ आहे. ती नंतर बघू."

बाई शेगडीपाशी उभ्या होत्या. आनंद व्हायला हवा होता. पण उगाचच हातातलं उलथनं जोरात आपटलं गेलं.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी मिस्त्रीने रुंद तोंडावरचा गिलावा काढला आणि आतला लोखंडी गर्डर उघडा पडला. वरच्या खोलीची भिंत याच गर्डरवर उभी होती. गळक्या पाइपचं पाणी वर्षानुवर्षं त्याच्यावरून वाहिलं होतं. मिस्त्रीने छिन्नीने खरवडलं तर लोखंडाचे पापुद्रे सुटून खाली पडले. एका टोकाला तर बोट आरपार गेलं.

मिस्त्री शिडीवरून उतरला. हात धुतले. बराच वेळ धूत होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"गर्डर बदलावा लागेल. वरच्या खोलीत कुणी जाऊ नका. टाकी रिकामी करतो." जाताना त्याने गर्डरखाली दोन लाकडी टेकू दिले, ते चारदा हलवून पाहिले आणि म्हणाला, "सामान बघून येतो."

गेला तो गेलाच.

पहिला दिवस बाईंनी दारात काढला. दुसऱ्या दिवशी फोन लावला तर बंद. तिसऱ्या दिवशी स्कूटरचा आवाज आला म्हणून त्या धावल्या, तर दूधवाला. वेळापत्रकावरचा गिलाव्याचा सोमवार आला आणि गेला. घर पोट फाडून टेबलावर ठेवलेल्या रोग्यासारखं पडलेलं आणि डॉक्टर गायब. डोक्यावर वरची खोली, खाली दोन टेकू. लाकूड जरा करकरलं की बाई उठायच्या, टेकूला हात लावून यायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या. घास तोंडात असतानासुद्धा नजर वर.

"हातावर तुरी दिल्या त्याने," त्या म्हणाल्या. "दुसरा बघते."

"तो पळणारा माणूस नाही," काका म्हणाले. "काहीतरी झालंय."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही काय त्याचं तोंड पाहिलंय?"

शब्द निघून गेला. बाईंनी चपला घातल्या आणि त्या बाहेर पडल्या.

हार्डवेअरच्या दुकानापासून त्यांनी सुरुवात केली. दुकानदाराने नळवाल्याचं नाव सांगितलं, नळवाल्याने रंगवाल्याचं. रंगवाला म्हणाला, पुलापलीकडे पिवळ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बाई जिना चढल्या. एका चकचकीत न्हाणीघरात मिस्त्री गुडघ्यावर बसून टाइल बसवत होता. बाईंना पाहून त्याच्या हातातली थापी तशीच राहिली.

"नऊ दिवस!" बाई म्हणाल्या. "डोक्यावर भिंत टांगून ठेवलीत आणि इथे टाइल चिकटवताय? लाज नाही वाटत?"

"वाटते," मिस्त्री म्हणाला.

"मग आला का नाहीत?"

त्याने टाइलवरचा सिमेंटचा शिंतोडा अंगठ्याने पुसला. "भीती वाटते, बाई."

"कसली?"

"गर्डरची. अकरा वर्षांपूर्वी मी आणि माझा थोरला भाऊ एका घराचा गर्डर बदलत होतो. टेकू माझ्याकडे होते. एक सरकला. थोरल्याचा उजवा हात खाली सापडला. तीन बोटं गेली. तेव्हापासून मी गिलावा आणि टाइल सोडून कशाला हात लावला नाही. तुमचं काम गिलाव्याचंच दिसलं म्हणून हो म्हणालो. रोज सकाळी तुमच्याकडे यायला निघतो आणि वाटेतल्या चौकातून स्कूटर इकडे वळते."

"मग तसं सांगायचं होतं!"

"मिस्त्रीने कुणाला सांगायचं, मला येत नाही म्हणून?"

बाई दारालाच टेकल्या. डेपोत हजार कारणं ऐकली होती त्यांनी. पंक्चर, सासू आजारी, घड्याळ मागे. पण ड्रायव्हर खाली मान घालून भीती वाटते म्हणाला, असं एकतीस वर्षांत एकदाच झालं होतं, घाटात गाडी कलंडता कलंडता वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या वेळी बाईंनी त्याला आठवडाभर सपाट रस्त्याची गाडी दिली होती आणि मग आपण शेजारी बसून घाटात नेलं होतं. इथे शेजारी बसून काय उपयोग? त्यांना वीट आणि वाळूतला फरकही धड ठाऊक नव्हता.

"हा तुमचा थोरला भाऊ असतो कुठे?"

"असतो घरी. आम्ही बोलत नाही."

"तुम्ही नका बोलू," बाई म्हणाल्या. "मी बोलते. पत्ता द्या."

थोरला भाऊ एका बैठ्या घराच्या ओट्यावर पाय पसरून बसला होता. अंगाने आडदांड, आवाज घागरीत घुमावा तसा. बाईंनी सगळं सांगितलं, तो मध्येमध्ये नाकाने हसत होता. शेवटी त्याने उजवा हात पुढे केला. अंगठा आणि एक बोट.

"त्याने सांगितलं ना, टेकू त्याच्याकडे होते म्हणून?"

"हो."

"अर्धंच सांगितलं. तो म्हणत होता, दादा, खाली फळी घालू, जमीन मऊ आहे. मी हसलो. म्हटलं, घाबरट आहेस, लाव तसाच. त्याने लावला." थोरल्याने हात मांडीखाली सारला. "मला वाटलं, तो येऊन मला चार शिव्या देईल. तो आलाच नाही. मग मीही गेलो नाही. अकरा वर्षं म्हणजे काय, बघता बघता गेली."

"मग आता चला."

"मी? या हाताने?"

"हात नकोय. तुमचं तोंड चांगलं चालतं, तेवढं घेऊन चला."

थोरला इतक्या मोठ्याने हसला की आतून त्याची बायको बघायला आली.

गर्डर बदलायच्या दिवशी बाई पहाटेच उठल्या. वेल्डिंगवाल्याची वेळ, नव्या गर्डरच्या गाडीची वेळ, भाड्याने आणलेले लोखंडी जॅक संध्याकाळी परत करायची वेळ, सगळं एकमेकांना बांधलं होतं, एक निसटलं की सगळं निसटणार. दादा येणार म्हटल्यावर हो म्हणालेला मिस्त्री आला. थोरला रिक्षातून उतरला. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

"बारीक झालास," थोरला म्हणाला.

"तू जाड झालास," मिस्त्री म्हणाला.

एवढंच झालं, आणि थोरला मधल्या खोलीत खुर्ची टाकून बसला. काकांना बाहेर शेजाऱ्यांकडे बसवायचं बाईंनी ठरवलं होतं. काका हलायला तयार नव्हते. शेवटी पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी, भक्कम भिंतीला पाठ लावून बसले.

काम सुरू झालं. वरच्या भिंतीत भोकं पाडून आडव्या तुळया सारल्या, त्यांच्या दोन्ही टोकांना जॅक लावले. प्रत्येक जॅकखाली मिस्त्रीने फळी घातली. जॅकचे आटे फिरवत तो वरचं ओझं हळूहळू तुळयांवर घेत होता. थोरला ओरडत होता, "डावा अर्धा फेरा! आता उजवा! थांब, श्वास घे!" दुपार कलायला लागली. वेल्डिंगवाला दारात येऊन दोनदा घड्याळ दाखवून गेला. बाई घरात आणि रस्त्यावर अशा येरझाऱ्या घालत होत्या.

"आता काढा की तो जुना गर्डर," त्या म्हणाल्या. "वेल्डर चाललाय. चारला त्याला दुसरीकडे जायचंय."

मिस्त्री शिडीवर चढला. हातात पहार घेतली.

"थांबा," काका म्हणाले.

सगळे वळले.

"काहीतरी वाजलं. न्हाणीघराच्या बाजूला. खालून."

"टेकू बसतायत काका," थोरला म्हणाला. "ओझं आलं की कुरकुरतात. घे रे."

"लाकडाचा आवाज नाही. फरशीचा आहे."

"अहो, आता नका ना मध्ये बोलू!" बाईंचा आवाज चढला. "एकदा वेल्डर गेला की परत आठवडाभर येणार नाही. आणखी आठ दिवस हे डोक्यावर घेऊन झोपायचं का? मिस्त्री, काढा तुम्ही!"

"तू गप्प बस!" काका ओरडले.

चौतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. काका भिंतीला धरून उभे राहिले होते, मान एका बाजूला कललेली.

"परत वाजलं," ते म्हणाले. "मिस्त्री, पहार मारू नका."

मिस्त्रीने खाली थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने खांदे उडवले. "काही नाही रे. काढ."

मिस्त्री पहार घेऊन शिडीवर तसाच उभा होता. कपाळावरून घामाची धार नाकावर आली होती. मग तो एकेक पायरी उतरला आणि पहार भिंतीला टेकवून ठेवली.

"नाही दादा," तो म्हणाला. "आधी बघू."

तो न्हाणीघराकडच्या जॅकपाशी पोटावर आडवा झाला आणि फळीखाली टॉर्च मारला. काकांनी पोकळ म्हटलेली आणि नंतर बघू म्हणत राहून गेलेली फरशी हीच, तिला केसाएवढी चीर गेली होती. आधी काढलेल्या पाइपाच्या भोकातून त्याने शेजारच्या फरशीखाली हात घातला. हात गेला. कोपरापर्यंत गेला. खाली माती नव्हतीच. वर्षानुवर्षं गळलेल्या पाण्याने ती धुऊन नेली होती, आणि ओझं पेलणारा जॅक नुसत्या फरशीच्या पापडावर उभा होता.

थोरला खुर्चीतून उठला, वाकून पाहिलं आणि पुन्हा बसला. त्याने उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला होता. "मी आजही तेच म्हणालो," तो पुटपुटला. "तेच म्हणालो मी."

"तू खुर्चीत होतास," मिस्त्री म्हणाला. "शिडीवर मी होतो." आणि मग बाईंकडे वळून, "बाई, आज गर्डर निघणार नाही. ते भोक भरायचं, काँक्रीट घालायचं, ते सुकू द्यायचं. चार दिवस. जॅक तोवर इथेच राहतील."

बाई रस्त्यावर गेल्या आणि वेल्डिंगवाल्याला म्हणाल्या, "आज नाही." तो कुरकुरला. "आज नाही म्हटलं ना," त्या म्हणाल्या, आणि तिथेच त्याच्या हातगाडीच्या कडेला टेकल्या. थोडा वेळ तो बिचाराही गाडी हलवायची सोडून उभा राहिला.

आत आल्यावर त्या काकांशेजारी उंबऱ्यावर बसल्या.

"लागलं का तुला?" काकांनी विचारलं.

"काय?"

"मी ओरडलो ते."

"हो," बाई म्हणाल्या. मग, "चौकटीचं मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"हो," काका म्हणाले.

गर्डर सहाव्या दिवशी बदलला. बाईंनी त्या दिवशी कुणालाही वेळ विचारली नाही, त्याऐवजी सगळी नखं खाल्ली. थोरला खुर्चीतून ओरडलाच, पण प्रत्येक फेऱ्याआधी काकांना विचारून. तीन आठवड्यांचं काम अडीच महिन्यांवर गेलं. पाइप नवा झाला, फरशी नवी झाली, भिंत सरळ झाली. स्वयंपाकघराचा ओटा कुठे आणि किती उंच, हे काकांनी मिस्त्रीबरोबर दोरी धरून स्वतः ठरवलं. बाईंना तो दोन बोटं उंच वाटला. त्या तसं म्हणाल्याही. ओटा तसाच राहिला.

काम संपल्यावर तीन-चार दिवसांनी मिस्त्री राहिलेल्या फळ्या न्यायला आला, तर बाई बाहेर पायरीवर बसलेल्या. हातात भाजी नाही, पेपर नाही, काही नाही.

"काय झालं बाई?"

"चहा करतायत," त्या म्हणाल्या. "एकटे. मला बाहेर काढलंय."

मिस्त्री एक पायरी सोडून बसला. थोरला आता रोज त्याच्याबरोबर कामावर येतो आणि दिवसभर डोकं खातो, असं सांगत होता. बाई ऐकत होत्या आणि नव्हत्याही. आत नळ सुटला, बंद झाला. डबा उघडल्याचा आवाज. मग काडी ओढल्याचा. एकदा, दुसऱ्यांदा. बाई अर्ध्या उठल्या.

"बसा," मिस्त्री म्हणाला.

त्या बसल्या. आत काहीतरी धातूचं पडलं आणि नव्या फरशीवर गोल गोल फिरत, घणघणत कुठेतरी कोपऱ्यात जाऊन निजलं. झाकण असणार. आतून काकांनी एक शिवी दिली, चांगली जुनी, छापखान्यातली.

बाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"कुठे गेलं असेल हो ते?" त्यांनी हळूच विचारलं.

"फ्रीजखाली," मिस्त्री म्हणाला. "आवाज तिकडून आला."

आत काका गुडघ्यांवर बसल्याचा आवाज झाला, आणि फरशीवरून हात सरकत गेल्याचा.